घुबड, पाणी आणि कॉइट

डच बिअर म्हटली की आपल्या डोळ्यांसमोर एकच हिरवी बाटली येते. गेरार्ड हायनेकेनने १८६४ साली अ‍ॅमस्टरडॅममधली एक जुनी ब्रुअरी विकत घेतली आणि तिथून ती बाटली जगभर गेली. आता तर किंगफिशर बनवणाऱ्या युनायटेड ब्रुअरीजचा ताबाही २०२१पासून त्याच कंपनीकडे आहे, म्हणजे गोव्यातल्या शॅकमध्ये बसून किंगफिशर पिणारा माणूसही नकळत डच यजमानाचाच पाहुणा असतो. त्या बाटलीशी माझं भांडण नाही. पण तिचं रसग्रहण करता येत नाही. मुंबईत, लागोसमध्ये, लिमामध्ये ती सारखीच लागावी यासाठीच तर सगळा खटाटोप केलेला असतो. रसग्रहणाला पाठभेद लागतात, गाळलेल्या जागा लागतात, मागच्या पिढीने खोडून पुन्हा लिहिलेल्या ओळी लागतात. तशी बिअर हवी असेल तर अ‍ॅमस्टरडॅमहून गाडीने पंधरा-वीस मिनिटांवर हार्लेम आहे. नेदरलँड्समधली पहिली आगगाडी १८३९ साली धावली, ती याच दोन शहरांमध्ये.

हार्लेमला नगराचे हक्क मिळाले १२४५ साली. मध्ययुगात डेल्फ्ट, खौडा आणि हार्लेम ही हॉलंडची बिअरची शहरं होती. पण हार्लेममध्ये कापडाचाही धंदा जोरात होता आणि हे दोन धंदे एका पाण्यावर नांदणं शक्य नव्हतं. कापड खुंदणारे आणि रंगवणारे कालव्यांत घाण सोडायचे. मग ब्रुअरीवाल्यांनी शहराच्या पश्चिमेला, समुद्राकाठच्या वाळूच्या टेकड्यांकडे मोर्चा वळवला. पावसाचं पाणी त्या वाळूतून झिरपून स्वच्छ होऊन खाली येतं. ओव्हरव्हेन गावाजवळच्या एका तळ्यातून ते पाणी होड्यांमध्ये भरून शहरात आणण्यासाठी जो कालवा होता, त्याचं नाव आजही ब्राउवर्सव्हार्ट, म्हणजे ब्रुअरीवाल्यांचा कालवा. आज तो एक शांत, सुखवस्तू वस्तीतून जाणारा पाण्याचा पट्टा आहे. पर्यटक तिकडे फिरकत नाहीत. हार्लेमची बिअर समजून घ्यायची असेल तर पहिला पेला हातात घेण्याआधी त्याच्या काठाने अर्धा तास चालावं, असं माझं मत आहे. पाणी नसतं तर पुढचं काहीच झालं नसतं.

आता मुख्य संहितेकडे वळू. शहराच्या जुन्या नियमपत्रांमध्ये बिअरविषयीच्या नोंदी आहेत. त्यांतल्या दोन आज महत्त्वाच्या ठरल्या: एक १४०७ची, दुसरी १५०१ची. या नोंदी कुणी बिअरच्या प्रेमापोटी लिहिलेल्या नाहीत. बिअरवरचा कर हा त्या काळच्या डच शहरांच्या तिजोरीचा मोठा आधार होता, त्यामुळे कोणतं धान्य किती घालायचं, यावर शहराची नजर असे. म्हणजे पाककृती टिकली ती कारकुनाच्या कृपेने. आपल्याकडे शिलालेख आणि ताम्रपट असेच टिकले: दानाची आणि कराची गोष्ट असल्यामुळे.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हार्लेममधल्या जुन्या ब्रुअऱ्या बंद पडल्या आणि नंतर कित्येक दशकं या शहराला स्वतःची बिअरच नव्हती. १९९५मध्ये शहराला साडेसातशे वर्षं पूर्ण होणार होती. त्या निमित्ताने काही हौशी मंडळींनी हे जुने कागद बाहेर काढले आणि १९९४च्या नोव्हेंबरमध्ये १५०१च्या नोंदीवर आधारलेली बिअर लोकांपुढे ठेवली. तिचं नाव हॉप्पनबिअर. पुढे १४०७च्या नोंदीवरची कॉइट नावाची बिअर आली. ब्रुअरीचं नाव ठेवलं योपन. पूर्वी हार्लेमची बिअर ज्या ११२ लिटरच्या पिंपांतून नेत, त्या पिंपांचं ते नाव.

या दोन बिअर शेजारी ठेवून प्यायल्या की त्यांच्यामधली जवळपास शंभर वर्षं जिभेवर कळतात. हॉप्पनबिअर अंबरी रंगाची, किंचित गढूळ, ६.८ टक्के मद्यार्काची. तिच्यात सातूबरोबर ओट आणि गहूही आहेत. ओटमुळे घोट तोंडात मऊ वाटतो, आणि मग शेवटी हॉप्सच्या फुलांचा कडूपणा येतो तो नेमका, आवरता घेतलेला. आजच्या, हॉप्सने कडवट आयपीएवर वाढलेल्या तरुणाला ती जरा सौम्य वाटेल. पण पंधराव्या शतकाच्या अखेरीस हॉप्स म्हणजे जिंकलेला पक्ष होता, हे लक्षात ठेवून ती प्यावी. उत्तर जर्मनीतल्या बंदरांतून हॉप्सची बिअर हॉलंडमध्ये आली, ती जास्त टिकायची, लांबच्या प्रवासाला चालायची, आणि तिने जुन्या चवीला हळूहळू बाजारातून हुसकून लावलं.

ती जुनी चव म्हणजे ग्रुइट. पाणथळ जागी उगवणाऱ्या, डच लोक ज्याला गागल म्हणतात त्या झुडपाची पानं आणि सोबत इतर वनस्पती यांचं हे मिश्रण. ते विकण्याचा हक्क सरदारांकडे किंवा शहराकडे असे. त्यात नेमकं काय आणि किती, हे विकणाऱ्याने गुपित ठेवलं तर त्याचाच फायदा. योपनची कॉइट या ग्रुइटच्या परंपरेतली म्हणून ओळखली जाते. रंगाने तांबूस तपकिरी, ताकदीने साडेआठ टक्के. पहिल्या घोटाला गोडवा येतो, काळ्या मनुकांसारखा. त्याच्यामागून मसाल्याची ऊब येते, पण ती कोणत्या मसाल्याची ते बोट ठेवून सांगता येत नाही. कडूपणा जवळजवळ नाहीच. हॉप्सवर भर नसलेली बिअर किती वेगळ्या दिशेने जाते, हे इथे समजतं. ती थंडगार पिऊ नये. पेला तळहातात धरून थोडा वेळ बसावं, म्हणजे तिचा सुगंध मोकळा होतो.

आता समीक्षकाचा प्रश्न. ही खरोखर १४०७ची चव आहे का? अर्थातच नाही, आणि असा दावा कुणी केला तर त्याच्याकडे जरा संशयानेच पाहावं. कागदात धान्य सापडतं, पण यीस्ट नाही. यीस्ट म्हणजे काय हेच त्या काळी कुणाला ठाऊक नव्हतं. किती वेळ उकळायचं, किती थंड करायचं, माल्टला धुराचा वास किती होता, हे त्या वेळी सगळ्यांना माहीत होतं म्हणून कुणी लिहिलं नाही. जुन्या बंदिशीचे शब्द हाती लागावेत आणि स्वरलिपी नसावी, तशी ही परिस्थिती. मग गाणाऱ्याला आपल्या घराण्याच्या शिस्तीत राहून चाल बांधावी लागते. योपनने तेच केलं. कॉइटमधला तो नेटका गोडवा मला विसाव्या शतकाच्या अखेरचा वाटतो, तिच्यावर बेल्जियमच्या तपकिरी बिअरची सावली आहे. याला मी दोष म्हणणार नाही. पण कॉइट पिताना मध्ययुग प्यायल्याचा भास करून घेणं म्हणजे तिच्यातलं आजच्या माणसाचं काम नाकारणं.

योपनचं घरही पाहण्यासारखं. २०१०मध्ये त्यांनी एका वापरात नसलेल्या चर्चमध्ये ब्रुअरी आणि कॅफे थाटला. उंच छत, रंगीत काचांच्या खिडक्या, आणि जिथे पूर्वी प्रार्थना चालायची तिथे चकाकणारी भांडी. छायाचित्रांत हे इतकं भारी दिसतं की आत गेल्यावर थोडं जास्तच भारी वाटतं. वास्तूचा गाजावाजा पेल्यातल्या बिअरपेक्षा मोठा होतो आणि शनिवारी संध्याकाळी शेजारच्याशी बोलायलाही ओरडावं लागतं. मला तिथली सगळ्यात आवडती गोष्ट पत्त्यावर लिहिलेली आहे: गेडेम्प्टे व्होल्डर्सग्राख्त, म्हणजे कापड खुंदणाऱ्यांचा बुजवलेला कालवा. ज्या धंद्याने पाणी नासवलं म्हणून ब्रुअरीवाल्यांना टेकड्यांपर्यंत जावं लागलं, त्याच धंद्याच्या बुजलेल्या पाण्यावर आज शहराची सगळ्यात प्रसिद्ध ब्रुअरी उभी आहे. फलकावर हे कुणी लिहिलेलं नाही. पत्ता वाचणाऱ्यालाच ते सापडतं.

योपनच्या इतर बिअरही शहराचा नकाशाच आहेत. मोइये नेल नावाची आयपीए जवळच्या तळ्याच्या नावाची. आद्रियान नावाची गव्हाची बिअर स्पार्ने नदीकाठच्या पवनचक्कीच्या नावाची. ती पवनचक्की १९३२मध्ये जळाली आणि २००२मध्ये पुन्हा उभी राहिली. उन्हाळ्याच्या दुपारी आद्रियान प्यावी, फार विचार न करता.

शहराच्या दुसऱ्या ब्रुअरीसाठी आधी एका चित्राशी थांबावं लागेल. फ्रान्स हाल्स हा हार्लेमचा चित्रकार. त्याच्या नावाचं संग्रहालय एका जुन्या वृद्धाश्रमाच्या इमारतीत आहे आणि तिथे नगररक्षक दलाच्या अधिकाऱ्यांच्या मेजवान्यांची त्याची भव्य चित्रं आहेत. ही मंडळी म्हणजे शहरातले धनिक. त्यांत ब्रुअरीमालकही होते. सेंट जॉर्ज दलाच्या १६२७च्या सुमाराच्या चित्रात मिखिल डे वाल नावाचा अधिकारी रिकामा पेला उलटा धरून उभा आहे. तो स्वतः ब्रुअरीमालक. या मेजवान्या इतक्या लांबायच्या की १६२१मध्ये नगरपालिकेला त्या तीन, फार तर चार दिवसांत आटपण्याचा हुकूम काढावा लागला.

पण ज्या चित्राबद्दल मला बोलायचं आहे ते हार्लेममध्ये नाही, बर्लिनमध्ये आहे. १६३०च्या दशकातलं ‘मल्ले बाब्बे’. हातात झाकण उघडलेला भलामोठा कथलाचा मग, खांद्यावर घुबड आणि तोंडभर हसू. ही बाई खरोखर होती. बार्बरा क्लास या नावाने ती हार्लेमच्या सुधारगृहाच्या कागदपत्रांत सापडते, आणि हाल्सचा मतिमंद मुलगाही तिथेच होता. डच माणूस दारू चढलेल्याला घुबडासारखा झिंगलेला म्हणतो, म्हणून घुबड. आपल्याला घुबड अपशकुनी. तिथे ते मूर्खपणाचं आणि नशेचं. पण हाल्सचा कुंचला या खुणांपाशी थांबत नाही. टोपीच्या आणि कॉलरच्या पांढऱ्यावर त्याने इतक्या वेगाने फटकारे मारलेत की हसण्याचा धक्का कपड्यांपर्यंत पोचलेला दिसतो. मेजवानीच्या चित्रांत मोठ्या लोकांचा पेला रुबाबाचा आहे. इथला मग जड आहे, वापरलेला आहे. चित्रकाराने तिची टर उडवली असं म्हणणारे आहेत. मला तसं वाटत नाही. ज्याच्या घरचं माणूस त्याच सुधारगृहात आहे, तो इतक्या जवळून, इतक्या लक्षपूर्वक पाहतो तेव्हा टवाळी मागे पडते. फ्रेंच चित्रकार कुर्बेने १८६९मध्ये या चित्राची नक्कल केली, ती उगाच नाही. हार्लेमच्या बार्टेलयोरिसस्ट्राट या बाजाररस्त्यावर आज बाब्बेचा ब्राँझचा पुतळा आहे. खरेदीच्या पिशव्या सांभाळत लोक त्याच्या बाजूने जातात.

याच शहरातल्या, २०१०च्या दशकात सुरू झालेल्या ब्रुअरीचं नाव आउल्ट्ये, म्हणजे छोटं घुबड. नावाचं मूळ संस्थापकाच्या आडनावात आहे, बाब्बेशी त्याचा संबंध नाही. तरी बाब्बेच्या गावात घुबडाचं चित्र लावलेली बाटली पाहून हसू येतंच. आउल्ट्येची बिअर योपनच्या अगदी उलट स्वभावाची. जुना कागद नाही, परंपरेचं ओझं नाही. हॉप्सची लयलूट, काळ्याकुट्ट जहाल स्टाउट, बाटल्यांवर खोडकर चित्रं. ‘बर्ड ऑफ प्रे’ ही त्यांची आयपीए प्यायला सोपी. त्यांच्या जास्त जहाल प्रयोगांपुढे मला दोन घोटांनंतर दमल्यासारखं होतं. पुढे स्विंकल्स या मोठ्या डच बिअर घराण्याने ही ब्रुअरी घेतली. छोट्याचं मोठं होतं, मग मोठ्याच्या पोटात जातं. क्राफ्ट बिअरची ही कहाणी जगभर तीच.

बसायला मात्र मी इन डेन आउवरमध्ये जावं असं सुचवेन. मोठ्या चर्चच्या सावलीत, जुन्या मासळीबाजाराच्या जागी असलेलं हे छोटं पेयगृह. लाकूड, मंद दिवे, भिंतींवर विमानाच्या आठवणी. आउवर हे केएलएम या डच विमान कंपनीचं विमान. १९३४च्या लंडन ते मेलबर्न शर्यतीत त्याने प्रवासी विमान असूनही दुसरा क्रमांक पटकावला. शर्यतीतला एक सक्तीचा थांबा अलाहाबाद होता, त्यामुळे त्या भिंतींशी आपलंही थोडं नातं लागतं. डच लोक अशा जागांना ब्राऊन कॅफे म्हणतात. पिढ्यान्‌पिढ्यांच्या तंबाखूच्या धुराने भिंती तपकिरी झाल्या म्हणून. २००८पासून आत धूम्रपान बंद आहे, रंग मात्र राहिला. इथे येनेव्हर हे जुनं डच मद्य काठोकाठ भरलेल्या चिमुकल्या पेल्यात येतं, आणि पहिला घोट पेला न उचलता, खाली वाकून घ्यायचा असतो. सोबत बिटरबालन हे मांसाचे तळलेले गोळे, बाहेरून कुरकुरीत आणि आतून इतके गरम की घाई करणाऱ्याची जीभ भाजते. साध्या पिल्सवर दोन बोटं फेस असतो. आपल्याकडे फेस जास्त आला की ग्राहक भांडतो. इथे फेस नसेल तर भांडेल.

वाचकहो, गेलात तर दुपारी जा, शनिवार टाळून. आधी कालवा, मग संग्रहालय, मग हॉप्पनबिअर. कॉइट सर्वांत शेवटी आणि लहान पेल्यात, कारण तिच्यानंतर दुसऱ्या कशाचीच चव लागत नाही. भाड्याची सायकल आणली असेल तर ती हातात धरून स्टेशनपर्यंत चालत न्या. मद्यार्काची कायदेशीर मर्यादा त्या देशात सायकलस्वारालाही लागू आहे.