शलाकाग्रहण व बहुमत : एक परीक्षण

प्राचीन भारतांत लोकशाही होती काय, हा प्रश्न आमच्या वाचकांस नवा नाहीं. डॉ. दे. रा. भांडारकर यांनीं १९१८ च्या कार्मायकेल व्याख्यानांत व डॉ. काशीप्रसाद जयस्वाल यांनीं १९२४ सालच्या 'हिंदु पॉलिटी' या ग्रंथांत बौद्ध भिक्षुसंघाच्या कामकाजावरून तत्कालीन गणराज्यांची सभापद्धति अनुमानिली. ता. २५ नोव्हेंबर १९४९ रोजीं घटनासमितींत भाषण करितांना डॉ. भीमराव आंबेडकर यांनींही तेंच मत मांडिलें. ठराव, गणपूर्ति, मतमोजणी, गुप्त मतदान इत्यादि नियम संघास अवगत होते व बुद्धानें ते आपल्या काळच्या राजकीय सभांवरून घेतले असावेत, असें त्यांचें म्हणणें. हें मत मूळ ग्रंथाशीं ताडून पाहावें, हा प्रस्तुत लेखाचा हेतु होय. हें काम केवळ कुतूहलाचें नाहीं. वरळीच्या चाळींत १९७४ सालीं जें घडलें त्याचा अर्थ लावण्यासही तें उपयोगी पडेल, असें आम्हांस वाटतें.

आधारग्रंथ म्हणजे विनयपिटकांतील चुल्लवग्गाचा चौथा खंधक. विनयाचे नियम मराठी वाचकांस प्रथम सुगम करून दिले ते धर्मानंद कोसंबी यांनीं 'बौद्धसंघाचा परिचय' या पुस्तकांत. परळच्या कामगारवस्तींत बहुजनविहार उभारणारे तेच कोसंबी. चुल्लवग्गांत वाद मिटविण्याचे जे उपाय सांगितले आहेत, त्यांपैकीं 'येभुय्यसिका' म्हणजे अधिकांच्या मतानें निर्णय. त्यासाठीं रंगभेदानें ओळखतां येतील अशा शलाका वांटावयाच्या. शलाका घेण्याचे प्रकार तीन : गुप्त, कानांत सांगून व उघड. शलाका गोळा करणारा भिक्षु संघानें नेमावयाचा. तो लोभ, द्वेष, मोह व भय यांच्या आहारीं न जाणारा असावा, असा दंडक आहे. येथवर उपर्युक्त विद्वानांचें म्हणणें निर्विवाद आहे.

परंतु त्याच खंधकांतील पुढील नियमांकडे त्यांनीं पुरेसें लक्ष दिलें नाहीं. गुप्त शलाका घेतल्यावर अधर्मवादी अधिक भरले, तर शलाकाग्रहण 'दुर्गृहीत' म्हणून रद्द करावें. धर्मवादी अधिक भरले, तरच तें 'सुगृहीत' समजावें, असें तेथें स्पष्ट सांगितलें आहे. शिवाय शलाकाग्रहणाचे दहा सदोष प्रकार गणले आहेत. वाद क्षुल्लक असणें, अधर्मवादी अधिक आहेत हें आधींच ठाऊक असणें, मत घेतल्यानें संघ फुटेल हें दिसत असणें, हे त्यांतील कांहीं होत. तात्पर्य, संघांत मोजणी न्यायाची दासी होती, स्वामिनी नव्हती. यावरून प्राचीनांस बहुमताचें राज्य ठाऊक होतें असें सिद्ध होत नाहीं. बहुमताविषयीं त्यांस वाटणारी शंका मात्र सिद्ध होते. संघाचे नियम राजकीय सभांवरूनच घेतले, यास स्वतंत्र पुरावाही कोणीं दिलेला नाहीं. शिवाय ऋणको, दास व राजसैनिक यांस संघांत प्रवेश नव्हता, हेंही विसरूं नये.

या व्यवस्थेंतील दोषही आम्हीं झांकीत नाहीं. धर्म कोणता व अधर्म कोणता, हें ठरविणार कोण? अखेरीस एक शलाकाग्राहक. तो निर्लोभ असावा एवढीच हमी. भिक्षूंच्या लहान समूहास ती पुरली असेल. राष्ट्रास ती पुरणार नाहीं.

डॉ. आंबेडकरांस ही अडचण पूर्णपणें ठाऊक होती, याची साक्ष त्यांच्याच १९४७ सालच्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' या निवेदनांत मिळते. शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनतर्फे घटनासमितीस सादर करण्यासाठीं सिद्ध केलेल्या या निवेदनांत पंतप्रधान संपूर्ण सभागृहानें निवडावा, मंत्रिमंडळांतील अल्पसंख्यांचे प्रतिनिधि त्या त्या अल्पसंख्यांच्या सभासदांनीं निवडावे, परंतु बहुसंख्यांचे प्रतिनिधि मात्र संपूर्ण सभागृहानें निवडावे, अशी योजना होती. सामाजिक बहिष्कार हा गुन्हा ठरवावा, अशीही मागणी होती. राजकीय बहुमत आज एकाचें, उद्यां दुसऱ्याचें होतें. जन्मानें ठरलेलें बहुमत बदलत नाहीं, हें त्यामागील तत्त्व. घटनासमितीनें मूलभूत हक्क व न्यायालयाचा आसरा स्वीकारिला, राखीव जागा स्वीकारिल्या. मंत्रिमंडळाची योजना स्वीकारिली नाहीं. चुल्लवग्गाचा खरा वारसा १९४९ च्या त्या गौरवोद्गारांत नसून १९४७ च्या या रूक्ष कलमांत आहे, असें आमचें मत आहे. शलाकाग्राहकाच्या सचोटीवर सोंपविलेला अंकुश येथें लेखी हक्कांच्या हातीं दिला आहे.

आतां वरळीकडे वळूं. मुंबईच्या विकास खात्यानें १९२० नंतरच्या दशकांत बांधलेल्या बी. डी. डी. चाळींत हिंदु व १९५६ नंतरचे नवदीक्षित बौद्ध शेजारीं राहत. १९७४ च्या जानेवारींत मध्य-दक्षिण मुंबईच्या लोकसभा पोटनिवडणुकीवर दलित पँथरनें बहिष्कार पुकारला. ता. ५ रोजीं वरळींतील त्यांच्या सभेच्या वेळीं दंगल उसळली, ता. १० रोजीं मोर्चावर झालेल्या दगडफेकींत भागवत जाधव मारले गेले. निवडणूक रीतसर पार पडून कम्युनिस्ट पक्षाच्या रोझा देशपांडे विजयी झाल्या, आणि दंगलीच्या चौकशीसाठीं न्या. भस्मे यांचा आयोग नेमला गेला. मोजणींत खोट होती असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु कोण निवडून आला हें मोजणी सांगते. शेजारी निर्धास्त झोंपला कीं नाहीं, हें ती सांगत नाहीं. 'संघ फुटेल' हें भय विनयकारांनीं मोजणीपूर्वीं विचारांत घेतलें होतें. वरळींत चाळ फुटल्यावर आयोग आला.

आमच्या संग्राहक मित्रांस एक विनंति करून हें परीक्षण संपवितों. वरळीच्या १२१ चाळींचें पुनर्निर्माण चालू असून ऑगस्ट १९२५ नव्हे, तर शंभर वर्षांनंतर, ऑगस्ट २०२५ मध्यें पहिल्या ५५६ कुटुंबांस नव्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. घर बदलतांना जुने कागद प्रथम रद्दींत जातात. त्या काळचीं हस्तपत्रकें, मंडळांचीं इतिवृत्तें, वर्गणीच्या वह्या ज्यांच्या हातीं लागतील त्यांनीं तीं जपून ठेवावीं. आणि दोन्ही पक्षांचीं ठेवावीं. ज्यांची संख्या थोडी होती त्यांचे कागदही थोडेच असणार, आणि म्हणूनच ते आधीं वेंचावे.