सांत्वनाचे गाणे आणि प्रारब्ध

करुणरसावर मराठीत पानेच्या पाने लिहिली गेली. पण मयताच्या घरी कोणते गाणे म्हणावे, हा प्रश्न प्रस्थापित समीक्षेला साहित्याचा वाटला नाही. आमच्या वस्त्यांना तो टाळता येत नाही. पुण्यानुमोदनाच्या रात्री गायनपार्टी बसते आणि पेटीवाल्याला निवड करावीच लागते.

१९५६ च्या धम्मदीक्षेपूर्वी अशा रात्री अभंग म्हटले जात. त्यांतले पुष्कळ सुंदर आहेत, हे मी नाकारीत नाही. परंतु चोखोबांच्या नावावरच्या एका अभंगातही हीन जन्माचे कारण मागल्या जन्मीच्या कृष्णनिंदेत शोधलेले आहे. तरुण विधवेपुढे हे प्रारब्ध गायले, की तिचे रडणे थांबतेही; मात्र ते दोष तिच्याच पदरात टाकून. घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात ११ जुलै १९९७ रोजी पोलिसांच्या गोळीबारात दहा माणसे मेली. तिथल्या आयांना 'नशिबात होते' असे कुठल्या तोंडाने गाऊन सांगायचे? असल्या शांततेला मी सांत्वन म्हणत नाही.

पाली परंपरेतल्या किसा गोतमीची कथा ह्या संदर्भात मला फार मोलाची वाटते. मेलेले मूल कवटाळून आलेल्या त्या बाईला बुद्धांनी स्वर्गाचे आश्वासन दिले नाही. ज्या घरात कुणी मेलेले नाही, त्या घरची मोहरी आण म्हणाले. दारोदार तिला मोहरी मिळाली नाही, माणसे मिळाली. आमच्या आयांची जात्यावरची ओवी ह्याच वळणाची आहे. एकीने ओळ टाकायची, दुसरीने उचलायची. दुःख एकटीचे राहतच नाही. हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांच्या पुढाकाराने लाखाहून अधिक ओव्या गोळा झाल्या. त्यांतल्या बाबासाहेबांवरच्या ओव्या पाहाव्यात. तिथे ते भाऊ म्हणून येतात, अवतार म्हणून नव्हे.

आणि आमच्या आजच्या पार्ट्या? सिनेमाची उडती चाल, कर्ण्याचा कडकडाट, आणि मयताच्या घरीही जयंतीच्या मिरवणुकीतलीच गाणी! वामनदादा कर्डकांचे नाव सगळेच घेतात. त्यांच्या शब्दांतला साधेपणा किती जण घेतात? पुष्कळ नव्या गाण्यांत तर बाबासाहेब नवस पावणारे देव होऊन बसले आहेत, म्हणजे प्रारब्ध पुन्हा मागल्या दाराने घरात. ढोलकीवाल्याने त्या रात्री हात जरा आवरला, तर कोपऱ्यात बसलेल्या म्हातारीला ओळ उचलता येईल.