धर्मवेड : एका शब्दाची पारख

आपला मनुष्य हट्टास पेटला तर तो निष्ठावंत, आणि परका पेटला तर तो धर्मवेडा, अशी वांटणी आपल्या लेखनांत इतकी रूढ झाली आहे कीं ती कोणास खटकतही नाहीं. इंग्रजी ‘फॅनॅटिक’ शब्दासाठीं आपण धर्मवेडा, धर्मांध, माथेफिरू हे शब्द सर्रास वापरतों. परंतु ते एकाच अर्थाचे नव्हेत. तो इंग्रजी शब्द देवालयवाचक लॅटिन ‘फानुम’ यापासून निघाला. देवाच्या संचारानें भारलेला, आपल्याकडे ज्याच्या अंगांत आलें असें म्हणतात तसा, हा त्याचा जुना अर्थ. निंदा त्यांत मागाहून शिरली. आपलें ‘वेड’ मात्र आजही दुहेरी आहे: भक्तीचें वेड स्तुत्य, धर्माचें वेड निंद्य! ‘अंध’ शब्दास अशी दुसरी बाजू नाहीं.

निंदाव्यंजक शब्द सत्तेच्या हातीं गेला म्हणजे काय होतें? पंजाबांतील हत्यांसंबंधीं 1867 मध्यें झालेल्या कायद्यांत ‘फॅनॅटिक’ हें गुन्हेगाराचें वर्गनाम होऊन बसलें. एकदां असें नांव दिलें कीं त्या मनुष्याचें म्हणणें ऐकण्याचें कारणच उरत नाहीं.

आतां सोलापूर पाहा. मे 1930 मध्यें येथें गोळीबार झाला, जमावाच्या हातून पोलीस मारले गेले आणि लष्करी कायदा पुकारला गेला. गांधी टोपी घालणें हाही त्यांत अपराध ठरला. पोलिसांच्या खुनाच्या आरोपावरून मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन या चौघांस 12 जानेवारी 1931 रोजीं येरवड्यास फांशी दिलें. तिघे हिंदु, एक मुसलमान. यांस धर्मवेडे कोण म्हणेल? सोलापूर त्यांस हुतात्मे म्हणतें, तें यथार्थच आहे. पण ‘माथेफिरू’ शब्दानें जसा या चौघांचा हेतु झांकूं नये, तसें ‘हुतात्मा’ शब्दानें त्या पोलिसांचें मरणही झांकूं नये.

म्हणून आमची सूचना इतकीच: स्वतःस झिजवितो त्याच्याकडे ‘वेड’ राहूं द्यावें, दुसऱ्याचा जीव ज्यास दिसतच नाहीं त्यासच ‘अंध’ म्हणावें, मग तो आपल्या घरचा कां असेना. आणि निश्चय होत नसेल तेथें विशेषण सोडून कृत्य सांगावें. वाचक निवाडा करण्यास समर्थ आहे.