बॉल पायाशी आला की खेळ थांबतो

जुने व्हिडिओ गेम लोकांना अजून का आवडतात? उत्तर तयार असतं: लहानपणीची आठवण. माझ्या संशोधन प्रस्तावाच्या पहिल्या मसुद्यात मीही तेच लिहिलं होतं. नंतर खोडलं.

टेकमोचा 'कॅप्टन त्सुबासा २: सुपर स्ट्रायकर' जपानात १९९० मध्ये फॅमिकॉमवर आला. योइची ताकाहाशींच्या मांगावर बेतलेला, मजकूर सगळा जपानी. इतरांना तो कळला चाहत्यांनी केलेल्या अनुवादांमुळे. आज भंडाऱ्यात बसून लॅपटॉपवर तो पहिल्यांदाच खेळणाऱ्याला कुठली आली लहानपणीची आठवण? आपल्याकडचे पोट्टे टीव्हीला जोडायच्या गेमवर मारिओ नि काँट्रा खेळायचे. त्यात वाचावं लागतच नव्हतं.

इथे वाचावंच लागतं. समोर बचावपटू आला की सगळं थांबतं आणि ड्रिबल, पास, शॉट यातलं एक निवडायचं. प्रत्येक खेळाडूची ताकद, म्हणजे 'गट्स', आकड्यांत दिसते. खास शॉट मारला की ती झपाट्याने उतरते. त्यामुळे बोटांच्या चपळाईपेक्षा हिशेब महत्त्वाचा. मग बॉल कुठे गेला ते चित्रं आणि एकेक वाक्य सावकाश सांगतात. ऐन प्रसंगात नाटक थांबून गाणं सुरू झालं तर झाडीपट्टीचा प्रेक्षक वैतागत नाही, तसंच काहीसं. ती वाक्यं काढली तर गोल होतो की नाही ही धाकधूकच जाते.

पहिला भाग (१९८८) अमेरिकेत १९९२ मध्ये 'टेकमो कप सॉकर गेम' म्हणून आला, तेव्हा त्सुबासाचा रॉबिन फील्ड झाला होता. चाहत्यांनी मूळ नावं राखली, हे मान्य. पण म्हणून चाहत्यांचा अनुवाद मुळाशी प्रामाणिकच, हे मला पटत नाही. 'त्सुबासा' जपानीत तीन अक्षरांत मावतो, रोमनला सात लागतात. जागा ठरलेली, मग वाक्यं छाटा, नाहीतर मजकूर दुसरीकडे हलवून पॉइंटर बदला. देवनागरीत करायचं तर आठ बाय आठ पिक्सेलच्या चौकटीत मात्रा, उकार आणि जोडाक्षरं बसवायची, हा आणखी वेगळा ताप.

म्हणून प्रबंधात 'हा गेम' असं मोघम लिहू नका; पॅच कोणता, आवृत्ती कोणती ते लिहा. मी लिहिलं नव्हतं. दोन महिन्यांनी दुसऱ्या पॅचवर तोच सामना खेळलो, तर गोलकीपरचं वाक्यच वेगळं. सगळी टिपणं पुन्हा काढत बसलो.