सामाईक माहिती-आराखडा आणि संस्थांची तग धरण्याची शक्ती : वडाळ्याच्या मोनोरेलच्या निमित्ताने

संस्थेच्या सर्व शाखांची माहिती एकाच सामाईक आराखड्यात बांधली की त्या संस्थेची आघात सोसून कार्य चालू ठेवण्याची शक्ती आपोआप वाढते, हे मत अलीकडील व्यवस्थापनविचारात जवळजवळ सिद्धान्ताच्या पदवीला पोचले आहे. बँकांच्या पर्यवेक्षणासाठी बाझल समितीने मार्च २०२१ मध्ये या शक्तीविषयीची तत्त्वे प्रसिद्ध केली. भारतीय रिझर्व्ह बँकेनेही ३० एप्रिल २०२४ रोजी त्याच विषयावर मार्गदर्शक टिपण काढले. त्यात संस्थेच्या अंतर्गत व बाह्य परस्परावलंबनांचा नकाशा तयार करावा, अशी अपेक्षा आहे. ही अपेक्षा योग्यच होय. तथापि ‘परस्परावलंबनांचा नकाशा’ आणि ‘सामाईक डेटा मॉडेल’ या दोन कल्पना एकच आहेत, असे गृहीत धरण्याची जी प्रवृत्ती दिसते, ती मात्र तपासून पाहणे अगत्याचे आहे.

माहिती-आराखडा म्हणजे माहितीचा साठा नव्हे. कोणत्या वस्तू अस्तित्वात आहेत असे मानावयाचे, त्यांचे कोणते गुण नोंदवावयाचे आणि त्यांच्यात कोणते संबंध स्वीकारावयाचे, यांविषयीचा तो पूर्वनिर्णय असतो. या विचाराला शास्त्रीय रूप देणाऱ्या कॉड यांच्या १९७० च्या निबंधाच्या शीर्षकातच ‘सामाईक’ हे विशेषण आले आहे. परंतु तेथे प्रश्न होता तो अनेकांनी वापरावयाच्या एका मोठ्या माहिती-संचयाचा. साठवणुकीची अंतर्गत रचना बदलली तरी वापरणाऱ्याचे काम अडू नये, हा त्यांचा मुख्य हेतू होता. संकटात तग धरण्याचा प्रश्न त्यांच्यापुढे नव्हता. तो नंतर जोडला गेला, आणि जोडताना एक गोष्ट दृष्टीआड झाली : ज्या संबंधाला आराखड्यात जागाच नाही, त्याविषयी आराखड्याला प्रश्नही विचारता येत नाही.

वडाळ्यात १९ ऑगस्ट २०२५ च्या सायंकाळी जे घडले, त्याच्या आधाराने या विधानाची परीक्षा करता येते. वडाळा हे वाहतुकीच्या दृष्टीने सांध्याचे ठिकाण आहे. हार्बर मार्गाला येथे फाटा फुटतो, आणि मोनोरेलचा पहिला टप्पाही चेंबूर ते वडाळा असाच फेब्रुवारी २०१४ मध्ये सुरू झाला. मार्च २०१९ मध्ये तो संत गाडगे महाराज चौकापर्यंत वाढून सुमारे २० किलोमीटरचा झाला. रेल्वे केंद्र सरकारची. मोनोरेल मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाची, तर तिचे संचालन महा मुंबई मेट्रो संचलन महामंडळाकडे. अग्निशमन दल महानगरपालिकेचे. प्रवासी मात्र एकच. तो या सगळ्यांच्या हद्दी एका तासात ओलांडतो.

त्या दिवशी अतिवृष्टीने रुळांवर पाणी साचून हार्बर मार्गाची वाहतूक खंडित झाली आणि गर्दी मोनोरेलकडे वळली. म्हैसूर कॉलनी आणि भक्ती पार्क या स्थानकांच्या दरम्यान गाडी उंच तुळईवर थांबली. प्राधिकरणाच्या खुलाशानुसार गाडीचा एकूण भार १०९ टन झाला होता. रचनेची मर्यादा होती १०४ टन. या जादा भाराने वीजवाहक पट्टी व गाडीचा वीजग्राहक यांचा संपर्क तुटला आणि वीज खंडित झाली. तुळईलगत चालत जाण्यासाठी वाट नसल्याने अग्निशमन दलाला शिड्या लावून ५८२ प्रवाशांची सुटका करावी लागली. पुढे दोन अधिकाऱ्यांना निलंबित करण्यात आले, आणि २० सप्टेंबर २०२५ पासून सुधारणांसाठी सेवाच स्थगित झाली.

या घटनेत माहितीचा अभाव होता काय? सकृद्दर्शनी तरी तसे म्हणता येत नाही. रुळांवर पाणी आल्याचे रेल्वेला ठाऊक होते. भाराची मर्यादा अभियंत्यांना ठाऊक होती. फलाटावरील गर्दी तर उघड्या डोळ्यांना दिसत होती. परंतु पहिली गोष्ट ‘गाड्या रद्द’ या भाषेत नोंदली जाते, दुसरी टनांत आणि तिसरी माणसांच्या संख्येत. हार्बर मार्ग बंद पडणे ही रेल्वेच्या दृष्टीने तिच्या सेवेची एक स्थिती, मोनोरेलच्या दृष्टीने तीच येऊ घातलेल्या भाराची सूचना असावयास हवी. एका संस्थेची ‘सेवा-स्थिती’ हीच दुसरीची ‘भार-स्थिती’ आहे, हा संबंध ज्या आराखड्यात नोंदला जाईल, तोच तग धरण्याच्या शक्तीच्या उपयोगाचा. पाच टनांच्या त्या फरकाचा निर्णय गाडी तुळईवर गेल्यावर नव्हे, तर ती फलाटावर असतानाच व्हावयास हवा होता. केवळ व्यक्तींवर दोष ठेवून हा प्रश्न संपत नाही, कारण व्यक्ती बदलल्या तरी न नोंदलेला संबंध न नोंदलेलाच राहतो.

यावर उत्साही पुरस्कर्ता म्हणेल की, मग शहरातील सर्व संस्थांचा मिळून एकच सर्वसमावेशक आराखडा करावा. येथेच सावधगिरी हवी. सामाईकता जशी ज्ञान पसरवते तशी चूकही पसरवते. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या संगणक-सुरक्षा कंपनीच्या एका सदोष माहिती-फाइलमुळे, मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणे, जगभरातील सुमारे ८५ लाख संगणक बंद पडले. कंपनीने नंतर दिलेले कारण उद्बोधक आहे : आराखड्यात २१ रकाने जाहीर केले होते, प्रत्यक्ष प्रणाली मात्र २० च पुरवीत होती. आधीच्या चाचण्यांत एकविसाव्या रकान्यात ‘काहीही चालेल’ अशा अर्थाचे चिन्ह असल्याने ही उणीव झाकली गेली. व्याख्या आणि व्यवहार यांतील एका रकान्याचे अंतर सामाईकतेमुळे जगभराचे संकट ठरले.

दुसरा धोका एकरूपतेचा. २६ जुलै २००५ च्या चोवीस तासांत सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला, तर कुलाब्याला केवळ ७३. ‘मुंबईचा पाऊस’ असा एकच रकाना ठेवणाऱ्या आराखड्यात या दोन आकड्यांतील सत्य नाहीसे होते. अर्थात सामाईक असणे म्हणजे सरासरी काढणे नव्हे. स्थळ, काळ आणि मापक यांसह भेद जपून ठेवणे हेही सामाईकतेचेच काम होय.

मग किती सामाईक असावे? या प्रश्नाचे उत्तर मुंबईच्याच एका जुन्या व्यवहारात सापडते. १८९० च्या सुमारास सुरू झालेल्या डबेवाल्यांच्या व्यवस्थेत डब्याच्या झाकणावर अक्षरे, आकडे व रंग यांची मोजकी खूण असते. आपापल्या मुकादमाखालील स्वतंत्र टोळ्या दादरसारख्या स्थानकावर डब्यांची वाटणी करतात तेव्हा प्रत्येक जण त्या खुणेतील आपल्या कामापुरता भाग वाचतो. ग्राहकांचा हिशेब, टोळीची अंतर्गत व्यवस्था, पैशांची वाटणी यांपैकी काहीही त्या खुणेत नाही. खूण वस्तूबरोबर प्रवास करते. मध्यवर्ती कचेरीला विचारावे लागत नाही. आकाराने ती एका झाकणात मावते, पण दोन टोळ्यांच्या सीमेवर जे कळावयास हवे ते तिच्यात पूर्ण आहे. डबे आणि माणसे यांची तुलना एका मर्यादेपलीकडे ताणता येणार नाही हे खरे. डबा गर्दी पाहून दुसरा मार्ग धरीत नाही. तरीही हातबदलाच्या जागी नेमके काय सामाईक हवे, हा विवेक येथून घेण्याजोगा आहे.

यावरून सामाईक आराखड्याची कसोटी अशी मांडता येईल. त्यात किती माहिती आली यापेक्षा एका संस्थेचे बंद पडणे दुसरीच्या कोणत्या मर्यादेवर आदळते, हे नोंदले आहे काय, हे पाहावे. त्या मर्यादेचे माप, टन असो वा माणसे, दोन्ही बाजूंना एकाच अर्थाने वाचता येते काय, हे पाहावे. आणि मर्यादा ओलांडली जाण्यापूर्वी दार बंद करण्याचा अधिकार कोणाचा, हेही त्यात लिहिलेले असावे. या तिसऱ्या गोष्टीविषयी प्रचलित विवेचने बहुधा मौन पाळतात, आणि हाच त्यांचा सर्वांत मोठा दोष आहे. आराखडा ज्ञान देऊ शकतो, अधिकार देऊ शकत नाही. भर पावसात, घरी जाण्यास आतुर झालेल्या प्रवाशांसमोर गाडीचे दार लावून घेण्याचा निर्णय अप्रिय असतो. तो घेणाऱ्याच्या पाठीशी आधीच ठरलेला नियम नसेल, तर अचूकातील अचूक आकडाही फलाटावरच राहतो आणि गाडी पुढे जाते.