आहारतज्ज्ञाचे शिक्षण आणि वऱ्हाडी ताटाची भाषा

आपल्या देशात ‘नोंदणीकृत आहारतज्ज्ञ’ होऊ इच्छिणाऱ्याने आहारशास्त्रातील पदव्युत्तर पदवी वा पदविका संपादन करावी, रुग्णालयात सहा महिने उमेदवारी करावी आणि नंतर इंडियन डाएटेटिक असोसिएशनची परीक्षा द्यावी, असा क्रम आहे. २०२१ च्या केंद्रीय अधिनियमाने या व्यवसायास वैधानिक स्थानही दिले. जीवरसायन, रुग्णाहार इत्यादी विषयांवर अभिप्राय देण्याचा आमचा अधिकार नाही. आमचा आक्षेप एकच आहे, आणि तो भाषेच्या अभ्यासकाचा आहे.

रोग्याने गेल्या चोवीस तासांत काय खाल्ले हे त्यालाच विचारून टिपून घेणे, ही या शास्त्राची एक मूलभूत पद्धती होय. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ साली अन्नघटकांची कोष्टके मोठ्या काटेकोरपणे सिद्ध केली. परंतु त्यांतील कोणती ओळ पाहावयाची, हे रोग्याच्या तोंडच्या शब्दावरून ठरते. रिद्धपूरचा शेतकरी ‘चून-भाकर खाल्ली’ म्हणतो तेव्हा ते चून बेसनाचे असते. पुण्याकडे त्यास पिठले म्हणतील. कोकणपट्टीत मात्र चून म्हणजे खवलेला नारळ. हरभऱ्याच्या डाळीत शंभर ग्रॅममागे प्रथिने सुमारे २० ग्रॅम. ओल्या नारळात ती ४ ग्रॅमच्या आसपास, आणि स्निग्धांश ४० ग्रॅमच्या घरात. मूत्रपिंडाच्या विकारात प्रथिने मोजून द्यावी लागतात. मालवणकडील उमेदवाराने येथे हा शब्द आपल्या अर्थाने टिपला, तर पुढील सारे गणित बिनचूक असूनही आहार चुकेल.

‘पथ्य’ या शब्दाची गोष्ट याहून सूक्ष्म आहे. संस्कृतात पथ्य म्हणजे हितकर. अपथ्य हा त्याचा प्रतिपक्ष. मराठीत ‘पथ्य पाळणे’ म्हणजे वर्ज्य करणे, इतका त्याचा अर्थसंकोच झाला आहे. म्हणून काय खावे हे सांगणारा कागद हाती पडला तरी रोगी विचारतो, ‘म्हणजे बंद काय काय?’ त्याला अडाणी ठरविण्यात अर्थ नाही. तो आपल्या भाषेशी प्रामाणिक आहे.

अभ्यासक्रमात समुपदेशन हा विषय असतोच, असे कोणी म्हणेल. तो असतो, पण आमच्या पाहण्यात आलेल्या पुस्तकांत त्याचा भर बोलण्याच्या रीतीवर आहे, ऐकलेल्या शब्दाच्या अर्थनिश्चितीवर नाही. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात म्हाइंभटांनी ‘लीळाचरित्र’ सिद्ध केले ते प्रत्यक्षदर्शी लोकांना विचारून, त्यांच्या आठवणींची खातरजमा करीत. विचारून टिपण्याची ही शिस्त ज्या रिद्धपुरात रुजली, तेथे २०२४ पासून मराठी भाषा विद्यापीठही आहे. त्याने गृहविज्ञानाच्या अध्यापकांना सोबत घेऊन खाद्यपदार्थांचा जिल्हावार शब्दसंग्रह करावा, आणि उमेदवाराने आपल्या सहा महिन्यांतील काही दिवस त्या कामास द्यावेत. त्यात प्रत्येक शब्दापुढे पदार्थाची कृती असावी, वाटीचे माप असावे आणि भाकरीचे वजनही असावे; येथील भाकर आणि शहरातील फुलका या दोहोंस ‘एक नग’ म्हणून मोजलेले तक्ते आम्ही पाहिले आहेत.