‘आर्किटेक्चर विदाउट आर्किटेक्ट्स’ : सायटेशन टाकण्याआधी एकदा नीट वाचा

पारंपरिक घरं, हवामान, पॅसिव्ह कूलिंग यांपैकी कशावरही तुमचा सिनॉप्सिस असेल, तर लिटरेचर रिव्ह्यूच्या पहिल्या-दुसऱ्या पानावर बर्नार्ड रुडॉफस्की हे नाव येण्याची शक्यता बरीच आहे. वाक्य साधारण ठरलेलं असतं : पारंपरिक वास्तू हवामानाला अनुकूल असतात. पुढे कंसात रुडॉफस्की, १९६४. या वाक्याचा भार ते पुस्तक पेलतं का, एवढंच आज बघू.

आधी पुस्तकाविषयी. नोव्हेंबर १९६४ मध्ये न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये याच नावाचं प्रदर्शन भरलं, फेब्रुवारी १९६५ पर्यंत चाललं, आणि पुस्तक त्याच्याच जोडीनं आलं. सुरुवातीला छोटी प्रस्तावना, मग कृष्णधवल फोटो आणि प्रत्येकाखाली काही ओळी. मालीमधल्या दोगोन लोकांची कड्याला बिलगलेली गावं, चीनमधली जमिनीच्या पोटातली घरं, सिंधमधल्या हैदराबादच्या छपरांवर एकाच दिशेला तोंड करून उभे असलेले वारा पकडणारे झरोके. हातात घेतलं की खाली ठेववत नाही. जगभर भटकून आल्यासारखं वाटतं, आणि पुस्तकाची खरी ताकद तीच आहे.

ही ताकद कमी लेखू नका. त्या काळात वास्तुकलेचा इतिहास म्हणजे देवळं, चर्च, राजवाडे आणि युरोप. बॅनिस्टर फ्लेचर यांच्या प्रसिद्ध इतिहासग्रंथाच्या १९०१ च्या आवृत्तीत भारतीय, चिनी, जपानी वास्तुकला चक्क ‘अनैतिहासिक शैली’ या विभागात टाकली होती. म्हणजे वेरूळचं कैलास लेणंसुद्धा इतिहासाच्या बाहेर! अशा वातावरणात कोणीतरी शेतकऱ्याचं कोठार आणि मेंढपाळाची झोपडी आधुनिक कलेच्या संग्रहालयात भिंतीवर लावतो, हे धाडसाचंच होतं. प्रश्न विचारायला लावणारं पुस्तक म्हणून मी त्याला पूर्ण मार्क देईन. पण आपण ते पुरावा म्हणून वापरतो, आणि गडबड तिथे होते.

सिंधच्या त्या फोटोकडे परत या. तो मार्टिन ह्युर्लिमान या स्विस छायाचित्रकाराचा, १९२० च्या दशकातला. पुस्तक १९६४ चं, आणि मजकूर मात्र वर्तमानकाळात : इथे असं करतात, प्रत्येक खोलीला एक झरोका असतो. फोटो कधीचा आहे हे चित्राखाली बहुतेक ठिकाणी सांगितलेलं नाही. शिवाय तिथे असं विधान आहे की या युक्तीचं मूळ माहीत नाही, पण ती किमान ५०० वर्षं वापरात आहे. संदर्भ? काही नाही. तुमच्या गाईडसमोर असं वाक्य ठेवून बघा काय होतं ते.

आता फिजिक्स. (माझं खातं हेच, म्हणून इथे जरा रेंगाळतो.) सिंधच्या मजकुरातच लिहिलंय की दुपारनंतर येणाऱ्या वाऱ्यानं तापमान उतरतं. म्हणजे हवा बाहेरच गार झालेली असते, झरोका ती फक्त पकडून आत सोडतो. इराणमधल्या याझ्दचे बादगीर वेगळ्या गोष्टीही करतात. मेहदी बहादोरी यांनी फेब्रुवारी १९७८ च्या ‘सायंटिफिक अमेरिकन’मध्ये हे छान उलगडून दाखवलंय. दिवसभर तापलेल्या मनोऱ्याच्या जाड भिंती रात्री आतल्या हवेला ऊब देतात. ती हवा वर चढते आणि घरातली हवा आपल्यामागे ओढून नेते. वारा नसला तरी चालतं. पहाटेपर्यंत भिंती गार होतात, मग दुसऱ्या दिवशी वरून येणारी गरम हवा त्यांना लागून थंड होते, जड होते आणि खाली उतरते. त्यात ओलावा मिळाला, म्हणजे जमिनीखालच्या कनातीचं पाणी किंवा दमट भिंत असली, तर बाष्पीभवनानं ती आणखी गार होते. पण हे कोरड्या हवेत. दमट हवेत बाष्पीभवनाची कमाई फारच थोडी.

फोटोत दोन्ही मनोरेच. एकात वारा फक्त आत येतो, दुसऱ्यात उष्णतेची साठवण, तरंगशक्ती आणि बाष्पीभवन असे तीन खेळ चालतात. फोटो बघून हा फरक कळणार नाही, त्यासाठी थर्मामीटर लावावा लागतो. तापमानाचे एखाद-दोन आकडे सोडले, तर या पुस्तकात मोजमाप म्हणावं असं काही हाती लागत नाही. मग ‘पारंपरिक विंड टॉवर घर थंड ठेवतात’ या विधानाला तुम्ही इथून सायटेशन कसं देणार? कोणता टॉवर, कोणत्या आर्द्रतेत, किती अंशांनी?

दुसरं उदाहरण मला जास्त अस्वस्थ करतं. चीनच्या हेनान-शान्शी पट्ट्यात लोएस म्हणजे वाऱ्यानं आणून टाकलेल्या मऊ पिवळसर मातीचे प्रचंड थर आहेत. लोक त्यात घरं कोरून राहतात. पुस्तकातले फोटो काउंट कास्टेल या जर्मन वैमानिकानं १९३० च्या दशकात विमानातून काढलेले. वर शेतं, आणि मध्येच जमिनीत कापलेले चौकोनी चौक. हिवाळ्यात ऊब, उन्हाळ्यात गारवा, हे सगळं खरं आहे. मातीचा जाड थर तापमानातले चढउतार दाबून टाकतो. पण २३ जानेवारी १५५६ ला याच लोएसच्या पट्ट्यात, शान्शीमध्ये भूकंप झाला. सुमारे ८ लाख ३० हजार मृत्यूंचा आकडा परंपरेनं दिला जातो, आणि लोएसच्या कड्यांत कोरलेली घरं लोकांच्या अंगावर कोसळली हे त्यामागचं एक मोठं कारण मानलं जातं. विमानातून काढलेल्या फोटोत हे दिसणार नाही. जे टिकलं तेच कॅमेऱ्यासमोर येतं. जे पडलं, जळलं, वाहून गेलं, त्याचा फोटो कोण काढणार? स्टॅटिस्टिक्सच्या पेपरला सर्व्हायव्हरशिप बायस तुम्ही पाठ केलेलाच आहे, तो इथे लावून बघा. ‘शतकानुशतकं तावून-सुलाखून निघालेलं ज्ञान’ हा आपला लाडका शब्दप्रयोग लगेच डळमळायला लागतो.

नावातल्या ‘विदाउट आर्किटेक्ट्स’चं काय? वंशावळ नसलेली वास्तुकला, असं उपशीर्षक म्हणतं. पण वंशावळ नव्हती की विचारली नाही? मालीतल्या जेन्नेची मशीद घ्या. आजची इमारत १९०७ च्या सुमारास उभी राहिली, ती गवंड्यांच्या संघाचे प्रमुख इस्माइला त्राओरे यांच्या देखरेखीखाली. त्या संघाला ‘बारे तोन’ म्हणतात, त्यात उमेदवारी करून काम शिकावं लागतं, आणि दरवर्षीचं मातीचं लिंपण आजही हेच गवंडी पुढे राहून करवून घेतात. गावाच्या सामूहिक प्रतिभेतून आपोआप उगवलं, असं म्हटलं की या माणसांची नावंच पुसली जातात. स्तुती करता करता केलेला हा अन्याय आहे, असं माझं मत.

गंमत म्हणजे रुडॉफस्कीला हे सगळं जमत नव्हतं असं नाही. १९३१ मध्ये त्यानं व्हिएन्नात डॉक्टरेट केली, विषय होता दक्षिण सायक्लॅडीज बेटांवरचं पारंपरिक काँक्रीटचं बांधकाम. सँटोरिनीची ज्वालामुखीय माती चुन्यात मिसळली की पाण्यातही घट्ट होणारा गिलावा बनतो. बेटावर लाकूड दुर्मीळ, म्हणून छपरं कमानदार. एक प्रदेश, एक साहित्य, एक बांधणी, म्हणजे अगदी आपल्या थीसिससारखा आवाका. तेहेतीस वर्षांनी त्याच माणसानं पुस्तकात सगळं जग घेतलं आणि खोली सोडली. प्रदर्शनासाठी तो सौदा कदाचित योग्यच असेल. पण तुम्हाला सायटेशन हवं असेल, तर तो सौदा आधी लक्षात घ्या.

माझ्या रिव्ह्यूत रुडॉफस्की आहे, पण इतिहासाच्या परिच्छेदात, या विषयाकडे लोकांचं लक्ष कधी वळलं हे सांगताना. त्याला लागूनच एमॉस रॅपोपोर्टचं १९६९ चं पुस्तक आहे, ज्यात घराचा आकार आधी समाज आणि संस्कृती ठरवतात, हवामान त्यात फेरफार करतं, अशी मांडणी आहे. जगभरच्या नोंदी हव्या असतात तेव्हा मी पॉल ऑलिव्हर यांनी संपादित केलेला १९९७ चा तीन खंडांचा कोश उघडतो. आणि बादगीरच्या परिच्छेदात बहादोरी, पुढे ज्यांनी प्रत्यक्ष मोजमाप केलंय ते पेपर, प्रत्येकाच्या पुढे गाव, महिना आणि आर्द्रता.